कंबर नावाचा कारकून

आमच्या कचेरीत सोळा टेबलं आहेत आणि काम एकाच टेबलावर होतं. ते टेबल माझं. असं मी चारचौघांत म्हटलं तर उरलेले पंधरा जण हसतील. पण संध्याकाळी चहा पिताना तेही आपापल्या बायकोला हेच सांगत असतात. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं मात्र पक्कं कळलंय, की फाईल पाण्यासारखी उताराकडं जाते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो उतार.

गेल्या वर्षी कळलं की माझ्या अंगातही अशीच एक कचेरी भरते. कळलं ते दुखण्यातून. न दुखता आलेली अक्कल आमच्या घराण्यात कुणाला पचत नाही.

सुरुवात डॉक्टरांनी केली. साखर काठावर आली होती. ते म्हणाले, ‘नुसतं चालून भागायचं नाही. या वयात स्नायू झडतात. थोडं वजन उचला.’ मी म्हटलं, ‘रोज रंकाळ्याला जातो की.’ त्यांनी फक्त बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, ‘भेळेच्या गाडीपर्यंत.’

आता, माझे आजोबा तालमीतले. कोल्हापुरात हे वेगळं सांगावं लागत नाही. १९१२ साली शाहू महाराजांच्या कारकिर्दीत खासबागेचं मैदान उभं राहिलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक घराण्याला एक तरी पैलवान दाखवावाच लागतो. नसला तर जुन्या फोटोतल्या एखाद्या जाड माणसाची नेमणूक करतात. आमचे आजोबा मात्र खरे. पहाटे उठून तालमीत जायचे. ‘व्यायाम’ हा शब्द त्यांच्या लेखी शाळेच्या पुस्तकातला. तालमीत करायची ती ‘मेहनत’. जोर, बैठका, सपाट्या आणि मग हौद्यात लढत. हौद्यातल्या लाल मातीत लिंबू, हळद, ताक, तेल, कापूर घालायचे. आमच्या घरच्या आमटीत इतक्या निगुतीनं काही पडत नाही. असं रक्त अंगात असताना जिममध्ये शिकायचं ते काय, असं मला वाटलं. पुढं लक्षात आलं, आजोबांकडून वारशानं माझ्याकडं फक्त खुराक आला होता.

गल्लीच्या तोंडाला नवी जिम निघाली होती. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट. कोल्हापूरकर फुकट सोडत नाही, मग ते कष्ट का असेनात.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. माझ्या शेजारी कॉलेजातलं एक पोरगं डेडलिफ्ट मारत होतं. ज्या व्यायामाच्या नावातच मरण आहे तो आपण करू नये, एवढं मला कळायला हवं होतं. त्यानं १०० किलो उचलले, ठेवले, आरशात स्वतःकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्या नजरेत ‘काका, सरका जरा’ एवढंच होतं. मला ते आव्हान वाटलं. नुसता दांडा २० किलोचा. मी दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या चकत्या चढवल्या. ६० म्हणजे काही फार नाही, पोरगं शंभर उचलतंय, आणि आपल्या पाठीशी तर आजोबा.

मी वाकलो. आयुष्यभर वाकत आलो तसाच: गुडघे ताठ, पाठीची कमान, आणि कुणी बघतंय का हे पाहायला मान वर. साहेबांपुढं वाकण्यात वर्षं गेल्यामुळं कमरेतून वाकण्याचा सराव दांडगा. दांडा जमिनीवरून बोटभर सुटला असेल, तेवढ्यात कमरेत आवाज झाला. मोठा नाही. दोन कागदांना स्टेपलरची पिन लागावी, एवढाच.

ट्रेनर धावत आला. ‘काका, काका! फॉर्म चुकला!’

मी तशाच काटकोनात उभा राहून म्हणालो, ‘चुकेल कसा? तीन ठिकाणी सह्या करून दिलाय. सोबत आधारची झेरॉक्सपण जोडलीय.’

माझ्या जगात फॉर्म म्हणजे भरायची वस्तू. उभं राहायची, वाकायची, बसायचीसुद्धा काही रीत असते आणि तिलाही फॉर्म म्हणतात, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी, जमिनीकडं बघत असताना समजलं. मग रिक्षात आडवा होऊन घरी आलो. रिक्षावाल्यानं एका नजरेत निदान केलं, ‘उसण भरली न्हवं?’ आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोजून दाखवला.

उसण भरली की घरात वैद्यकशास्त्राच्या चार शाखा एकदम उघडतात. बायकोचा शेक, मेहुण्याचं मलम, शेजाऱ्यांचं ‘हालू नका’, आणि आईचं ठाम मत: ‘पायाळू बघा कुणीतरी.’ जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. याच माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं आणि याच्यावरच वीज पडते, असंही म्हणतात. म्हणजे बिचाऱ्यावर कामं तिथंही तीन-तीन खात्यांची.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई पायाळू निघाल्या. बाई म्हणजे शाळेत मला गणित शिकवलेल्या बाई. मला पालथा घातला. बाईंनी पदर खोचला, आईनं ‘डाव्या पायानं हं, तीन वेळा’ अशी सूचना केली. बाई संकोचानं म्हणाल्या, ‘बरं दिसतं का हे, एवढ्या मोठ्या माणसाला लाथ मारायची?’ पण मारली. तिन्ही नीट मोजून मारल्या. त्यांतली पहिली उसणीची होती. दुसरी-तिसरी बहुधा माझ्या सहावीतल्या अपूर्णांकांची.

चार दिवसांत उसण उतरली. पुढं समजलं, की अशा बहुतेक उसणी थोड्या दिवसांत आपल्या आपण उतरतात आणि श्रेय ज्याचा पाय जवळ असेल त्याला मिळतं. कचेरीत मला हे अनोळखी नव्हतं.

तरी डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं जमिनीवर पेन टाकलं आणि म्हणाली, ‘उचला.’ मी उचललं. ‘परत.’ परत उचललं. तिसऱ्यांदा उचलल्यावर ती म्हणाली, ‘सर, तुमची कंबर फार काम करते.’

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. एकोणतीस वर्षांत माझ्या कुठल्याही भागाबद्दल हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

मग तिनं समजावलं. माणसाला वाकायला देवानं खुबा दिलाय. खुब्यातून वाकलं, की भार मांड्यांवर आणि मागच्या मोठ्या स्नायूवर जातो. कमरेच्या स्नायूंचं खरं काम मणक्यांना एका रेषेत धरून ठेवणं, रखवालदारासारखं. पण आपण खुबा हलवतच नाही. बसून बसून मोठा स्नायू सुस्तावतो आणि त्याचं सगळं ओझं कमरेवर पडतं.

मला चित्र लख्ख दिसलं. मांड्या म्हणजे वर्ग एकचे अधिकारी. मागचा तो स्नायू तर सगळ्या शरीरात आकारानं सर्वांत मोठा, म्हणजे थेट विभागप्रमुख. आणि दोघंही चहाला गेलेले. खाली कंबर नावाचा एक कारकून, मूळ हुद्दा ‘स्थिर राहणे’, पण सगळ्यांचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याकडं. एक दिवस ६० किलोची फाईल आली. साहेबांच्या खुर्च्या रिकाम्या. त्यानं एकट्यानं सही करायला घेतली आणि मोडला.

त्या विभागप्रमुखाची आणखी एक अडचण आहे. त्याचं नाव घेता येत नाही. ती डॉक्टर ‘हिप्स’ म्हणाली. संस्कृत कवी ‘नितंब’ म्हणतात, पण ते बाईचे. आई ‘बूड’ म्हणते. आजोबांचे वस्ताद जो शब्द वापरत तो दिवाळी अंकातही छापत नाहीत. जिममधला ट्रेनर हा शब्द आला की इंग्रजीत शिरतो, आणि समोर बाई असली तर नुसतं हवेत हात फिरवून ‘ते... मागं घ्या’ म्हणतो. आता सांगा, ज्याचं नाव चारचौघांत उच्चारता येत नाही, त्याला हजेरीपटावर घेणार कसा आणि कामाला लावणार कोण?

आमच्यासारख्यांच्या कमरेची चौकशी पूर्वीच होऊन गेलीय. स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन नावाचे हाडांचे डॉक्टर होते. १९६० च्या दशकात त्यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. माणसं तयार कशी झाली देव जाणे; आमच्याकडं रक्तदाब मोजायचा तर लोक रजा टाकतात. त्यांच्या हिशेबात, उभं असताना दाब १०० धरला तर पाठीवर निजल्यावर २५, बसल्यावर १४० आणि बसून पुढं वाकल्यावर १८५. पुढं इतरांनी केलेल्या मोजण्यांत बसण्याचा आकडा इतका वाईट निघाला नाही, पण वाकून ओझं घेण्याला कुणी चांगलं म्हटलेलं नाही. मी माझं टेबल डोळ्यांपुढं आणलं. फाईलवर ओणवा मी, १८५ च्या दाबानं, ‘कार्यवाहीसाठी पुढे सादर’ असा शेरा मारतोय. आणि लोक म्हणतात, सरकारी नोकरीत दबाव नसतो.

महिन्यानं परत जिमला गेलो. ट्रेनरनं या वेळी माझ्या हातात दांडा दिला नाही. कोपऱ्यातल्या मॉपची काठी काढली, माझ्या पाठीला उभी लावली आणि म्हणाला, ‘काका, तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याला मागं, दोन खांद्यांच्या मधी, आणि माकडहाडाला. आता वाका. तिन्हीतली एक जागा सुटली, तरी चुकलं.’

मी वाकलो. डोक्याची सुटली. परत वाकलो. माकडहाडाची सुटली. तिसऱ्यांदा काठीच सुटली.

‘मागं भिंत आहे असं समजा. बु... हिप्सनं ती मागं ढकला. गुडघे थोडे सैल.’

पंधरा दिवस मी एवढंच केलं. आजूबाजूला पोरं शंभर-सव्वाशे उचलतायत, आणि मध्ये मी, पाठीला मॉपची काठी लावून भिंतीला नमस्कार घालतोय, तोही उलट्या बाजूनं. घरी सराव करायला आमच्या मॉपची काठी वापरायला लागलो. बायको म्हणाली, ‘सव्वीस वर्षांत मॉपला हात लावला नाही, आणि तिथं फी भरून त्याची काठी शिकताय होय?’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा डोक्याची जागा टेकवण्यात गुंतलो होतो.

मग स्क्वॉट, म्हणजे आपल्या बैठकांचा शहरात राहायला गेलेला भाऊ. बैठका आपण सगळ्यांनी शाळेत काढल्यात, उठाबशा या नावानं, कान धरून. पण शिक्षा असल्यामुळं संख्येवर भर. ‘पन्नास काढ’ म्हणणाऱ्या एकाही गुरुजींनी ‘टाच उचलू नकोस’ किंवा ‘गुडघा आत पडतोय’ असं सांगितलं नाही. ट्रेनर म्हणाला, ‘मागं खुर्ची आहे असं समजा आणि बसा.’ हे मला एका झटक्यात जमलं. खुर्ची समजण्यात माझी हयात गेलीय. अडचण पुढं होती. ‘टेकायचं नाही काका! टेकतोय टेकतोय म्हणेपर्यंत उठायचं, उठताना श्वास सोडत.’ समोर खुर्ची असून टेकायचं नाही, हे आजवर आपल्याकडं कुठल्या पुढाऱ्याला जमलंय?

जिममध्ये ट्रेनर एकच असतो, पण गुरू वीस. पाणी प्यायला थांबलं की कुणीतरी जवळ येऊन तत्त्व सांगून जातो. त्यातलं सर्वांत लाडकं तत्त्व असं, की गुडघा पायाच्या अंगठ्याच्या पुढं जाता कामा नये. गेला की संपला. मी घाबरून गुडघे मागं धरून बसायला लागलो आणि दर वेळी पाठीमागं कलंडायला लागलो. त्या फिजिओ डॉक्टरनं मला एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. २००३ साली अमेरिकेत सात तरबेज गड्यांना बैठका मारायला लावल्या. आधी मोकळ्यानं, मग गुडघा पुढं जाऊ नये म्हणून समोर आडवी फळी लावून. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा पीळ पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच कमी झाला. आणि खुब्यावरचा? दहापटीनं वाढला. त्याची झळ शेजारी कुणाला, तर कमरेला.

मी जागेवरून उठलोच. हे तर आमच्या कचेरीत रोज चालतं! ओझं कधी नाहीसं होत नाही. त्याची बदली होते. या टेबलावर फळी लावली, की फाईल त्या टेबलावर. आणि जिथून ती हलली, तिथला माणूस ‘प्रकरण निकाली’ असा शेरा मारून मोकळा.

शिवाय ती म्हणाली, की सगळ्यांना एकच साचा बसत नाही. मांडीचं हाड लांब असेल तर माणूस बसताना पुढं जास्त झुकणारच. आखूड असेल तर ताठ बसेल. घोट्यात लवचीकपणा किती, त्यावर टाच टेकते की उचलते हे ठरतं. म्हणजे नमुना एक असला तरी तो ज्यानं त्यानं आपल्या मापानं भरायचा, आणि वजन रोज चिमूट-चिमूट वाढवायचं. माझं खरं चुकलं होतं ते इथं: वाकण्याची रीत तर वाईट होतीच, पण तिसऱ्या दिवशी ६० किलोला हात घालायचा अर्जही मीच दिला होता आणि मंजूरही मीच केला होता.

हे ज्ञान मी घरी वाटायला लागलो. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराऊजो नावाचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी एक चाचणी काढली: जमिनीवर बसायचं आणि उठायचं, बस्स. बसायचे ५ गुण, उठायचे ५. हात, गुडघा, कशाचाही आधार घेतला की दर आधाराला एक गुण वजा. नुसता तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००० हून अधिक माणसांची त्यांनी चाचणी घेतली, पुढं कित्येक वर्षं त्यांची खबर ठेवली, आणि २०१२ साली निकाल छापला. कमी गुण मिळालेल्यांत मरणाचं प्रमाण जास्त निघालं.

मी हॉलमध्ये पाट मांडला आणि आधी स्वतः बसून उठलो. एक हात, एक गुडघा, दुसरा हात, भिंत, आणि शेवटी बायकोचा खांदा. बायकोच्या खांद्याचे गुण कापायची तरतूद त्या चाचणीत आहे की नाही, कुणास ठाऊक, मी कापले. पाच पडले. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला म्हटलं, ‘आता तू.’ ती पदर सावरून सरळ खाली बसली, जशी गेली सत्तर वर्षं विळीशी बसते. आणि उठताना एक हात फक्त गुडघ्यावर टेकला. नऊ!

‘गुण कसले रे?’ आई म्हणाली, ‘बसायला आणि उठायला परीक्षा? मग निजायला काय, मुलाखत?’

मी तिला काठी, तीन जागा, खुबा, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘तुझ्या आजोबांना वस्तादांनी पहिले सहा महिने कुस्ती खेळू दिली नव्हती. नुसता खोऱ्यानं हौदा उकरायला लावला. हे स्वतः सांगायचे. कमरेतून वाकलं की वस्ताद छडीनं तिथंच टिचकी मारायचे. “ढब आली की जोर आपसूक येतोय,” म्हणायचे.’

सहा महिने! माझ्या रक्तातल्या त्या पैलवानानं सहा महिने माती उकरली होती, आणि मी तिसऱ्या दिवशी त्याच्या नावावर ६० किलो काढायला गेलो होतो. तालमीत आरसा नसायचा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून वस्ताद असायचे. आमच्या जिममध्ये चारही भिंतींना आरसे. जो तो समोरून स्वतःचे दंड बघतोय. पाठ कुणाचीच कुणाला दिसत नाही.

परवा सिलिंडर आला. आणणाऱ्यानं नेहमीसारखा दारात ठेवला आणि गेला. १४.२ किलो गॅस, त्यावर लोखंडाचं वजन. सगळं मिळून ३० किलोच्या आसपास. बायको पुढं झाली. मी म्हटलं, ‘थांब. आता ही आपली खाती.’ सिलिंडरला अगदी चिकटून उभा राहिलो. पाय खांद्याएवढे फाकवले. विभागप्रमुखाला मागं पाठवलं. गुडघे सैल, पाठ काठीसारखी, पोट आवळून श्वास धरला, आणि उचलला. सरळ ओट्याखाली नेऊन ठेवला. कमरेतून हूं की चूं नाही. मांड्या भरून आल्या होत्या. कामाला लागलेल्या साहेबांसारख्या जरा लाल, जरा नाराज. मी टाळ्यांची वाट बघत वळलो.

‘छान उचललात,’ बायको म्हणाली. ‘गेल्या महिन्यापर्यंत कोण उचलत होतं?’

‘तो सिलिंडरवाला...’

‘तो दारात ठेवतो. दारापासून ओट्यापर्यंत?’

मी काही बोललो नाही. ती खाली वाकून जुन्या सिलिंडरचं टोपण उचलायला गेली आणि उठताना तिनं एक हात कमरेवर ठेवला, डोळे मिटून क्षणभर थांबली, मग सरळ झाली. ती तशीच उठते. सव्वीस वर्षं मी बघतोय. मला वाटायचं, तिची सवय आहे.

घरातलीही टेबलं मी मनातल्या मनात मोजली. पाच. आणि विभागप्रमुख बराच वेळ चहाला गेलेले.

संध्याकाळी सरावाला म्हणून मॉपची काठी घेतली. पाठीला लावली, तीन जागा टेकवल्या, एकदा वाकलो. मग ती पाठीवरून काढली, खाली मॉप बसवला, बादलीत बुडवला आणि हॉलच्या दारापासून फरशी पुसायला सुरुवात केली. खुब्यातून वाकत, गुडघे सैल ठेवून, श्वास सोडत.

अर्धा हॉल झाला असेल. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

‘अहो, फॉर्म चुकतोय. कोपरे राहिले.’